वाटी सरकली, मग चित्र कशासाठी?

व्यापारी कुटुंबांत गुडघ्याचा विषय निघाला की तो बहुधा आजी-आजोबांच्या संदर्भात निघतो. दुकानाच्या गादीवर चाळीस वर्षे मांडी घालून बसलेल्या आजोबांचे गुडघे, जिने चढून थकलेल्या आजीचे गुडघे, त्यांची झीज आणि सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया यांवर घरात पुष्कळ चर्चा होते. परंतु गुडघ्याचा एक विकार असा आहे की तो घरातील सर्वांत तरुण पिढीला गाठतो. शाळेच्या मैदानावर धावताना, नवरात्रात गरबा खेळताना किंवा जिन्यावरून वळून उतरताना बारा-पंधरा वर्षांच्या मुलीचा वा मुलाचा पाय अचानक दगा देतो. गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला निसटते आणि पुष्कळदा क्षणार्धात आपोआप परत जागेवर येते. मूल कळवळून खाली बसते; मोठी माणसे धावत येईपर्यंत गुडघा आकाराने पुन्हा पहिल्यासारखा दिसू लागतो. मग घरात निष्कर्ष निघतो, ‘पाय मुरगळला.’ हळदीच्या पेठेचे गाव असलेल्या सांगलीत तर लेप लागायला मुळीच उशीर होत नाही.

सूज उतरते, मूल चालू लागते आणि घटना विसरली जाते. पुढे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तोच गुडघा पुन्हा निसटतो, आणि या वेळी पहिल्याहून कमी निमित्ताने. तेव्हा कोठे तपासण्यांची धावपळ सुरू होते. एक्स-रे, एमआरआय, सीटी स्कॅन अशी नावे कानावर पडतात. खर्चाचा आकडा समोर येतो. आणि ‘एवढ्या चित्रांची खरोखर गरज आहे का’, असा प्रश्न हिशेबी कुटुंबात साहजिकच उभा राहतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र सरसकट ‘होय’ किंवा सरसकट ‘नाही’ असे नाही. प्रत्येक चित्र एका वेगळ्या शंकेचे निरसन करते. ती शंका कोणती, हे कुटुंबाला ठाऊक असेल तर पैसाही वाया जात नाही आणि वेळही.

वाटीचे काम

गुडघ्याची वाटी हे मांडीच्या पुढच्या बलदंड स्नायूच्या टेंडनमध्ये वसलेले हाड आहे. शरीरातील अशा जातीच्या हाडांत ते सर्वांत मोठे. विहिरीच्या कप्पीमुळे जसे दोर ओढण्याचे श्रम हलके होतात, तसे या हाडामुळे पाय सरळ करण्याचे स्नायूचे काम हलके होते. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला पुढच्या बाजूने एक पन्हळ असते. गुडघा वाकताना आणि सरळ होताना वाटी त्या पन्हळीतून खाली-वर सरकते.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पाय पूर्ण सरळ असतो तेव्हा वाटी पन्हळीच्या वर, बरीचशी मोकळी असते. गुडघा सुमारे २० ते ३० अंश वाकला की ती पन्हळीत शिरते आणि पुढे हाडाच्या दोन्ही भिंती तिला सांभाळतात. धोक्याचा टप्पा आहे तो पाय जवळजवळ सरळ असतानाचा. या टप्प्यात वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारा एक पातळ पट्टा असतो. मांडीच्या हाडाच्या आतल्या कडेपासून वाटीच्या आतल्या कडेपर्यंत गेलेले ते लिगामेंट होय. पाऊल जमिनीवर रोवलेले, गुडघा किंचित वाकलेला आणि अंग मात्र दुसऱ्या दिशेला वळलेले, अशा स्थितीत वाटी बाहेरच्या बाजूला निसटते. पहिल्याच वेळी हा पट्टा जवळजवळ नेहमीच ताणला किंवा फाटला जातो.

खो-खोच्या खांबापाशी घेतलेले वळण, कबड्डीत चढाई करून परतताना मारलेली गिरकी किंवा गरब्यातील फेर आठवला, तर ही स्थिती किती सहज येते याची कल्पना येईल. मैदानी खेळांची परंपरा असलेल्या साताऱ्यात आणि सांगलीत हा विषय म्हणूनच दूरचा नाही. पहिल्यांदा वाटी निसटण्याचे प्रमाण १० ते १७ या वयोगटात सर्वाधिक आढळते, असे वैद्यकीय अभ्यास सांगतात. ते नेमके शाळा आणि मैदानाचे वय आहे.

दोन जिल्हे, दोन गुडघे

एका गुडघ्यावर माणसाचे किती अवलंबून असते, हे या दोन जिल्ह्यांना चांगले ठाऊक आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरच्या ऑलिंपिकआधी त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि आखाड्यातील त्यांची वाटचाल तेथेच थांबली. त्या काळी गुडघ्याच्या आत डोकावण्याचे साधन म्हणजे एक्स-रे, आणि एक्स-रेला हाड दिसते. लिगामेंट आणि कूर्चा त्याला दिसत नाहीत. रॉन्टजेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला, तरी सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली ती १९७१ मध्ये, आणि एमआरआय त्याच्याही नंतरचा. खाशाबांच्या पिढीतील डॉक्टरांना बोटांच्या स्पर्शावर आणि अनुभवावरच भिस्त ठेवावी लागे.

दुसरे उदाहरण सांगलीचे. येथे लहानाची मोठी झालेली क्रिकेटपटू स्मृती मानधना हिच्या गुडघ्याला २०१७ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील स्पर्धेत दुखापत झाली. ती वाटीची नव्हती. गुडघ्याच्या आतील मुख्य लिगामेंटची होती. काही महिन्यांच्या उपचारांनंतर आणि व्यायामानंतर ती त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडमधील विश्वचषकात उतरली. पहिल्या सामन्यात यजमान इंग्लंडविरुद्ध तिने ९० धावा केल्या आणि दुसऱ्यात वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६.

दोन्ही उदाहरणांची तुलना करून यश-अपयशाचा हिशेब मांडणे योग्य नव्हे. दुखापती वेगळ्या, काळ वेगळा. परंतु मधल्या साठ वर्षांत गुडघ्याच्या आत पाहण्याची जी सोय झाली, ती आज खेळाडूंपुरती राहिलेली नाही. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले, तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागायचा होता. आज मिरज, सांगली, कऱ्हाड आणि सातारा येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तपासणीसाठी पुण्या-मुंबईला जाणे प्रत्येक वेळी आवश्यक उरलेले नाही. सोय गावात आली. तिचा वापर कसा करावा हे समजून घेणे बाकी आहे.

पहिले काही तास

चित्रांकडे वळण्यापूर्वी पहिल्या काही तासांविषयी सांगणे आवश्यक आहे. वाटी बाहेर निसटलेल्या अवस्थेतच राहिली असेल तर घरी हिसका देऊन ती बसवण्याचा प्रयत्न करू नये. पायाला आधार द्यावा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा आणि रुग्णालय गाठावे. पाऊल गार किंवा बधिर पडले असेल तर एक क्षणही दवडू नये. तेव्हा दुखापत वाटीपुरती मर्यादित नसण्याची शक्यता असते. वाटी आपोआप जागेवर आली असली तरीही डॉक्टरांना दाखवावे. गुडघा चोळणे, ओढणे, ‘उतरवणे’ हे प्रकार कितीही विश्वासू हातांनी केले तरी टाळावेत.

घरच्या मंडळींनी एक निरीक्षण मात्र नेमके करून ठेवावे. सूज किती वेळात आली? दोन-तीन तासांतच गुडघा टम्म फुगला, तर सांध्यात रक्त उतरल्याची शंका येते, आणि रक्त उतरणे म्हणजे आत काहीतरी फाटले किंवा तुटले असणे. दुसऱ्या दिवशी सावकाश आलेली सूज बहुधा सौम्य असते. ‘सूज कधी आली’ या साध्या माहितीवर पुढील तपासणीची निकड पुष्कळदा ठरते, आणि ती माहिती कोणत्याही यंत्रापाशी नसते, घरच्यांपाशीच असते.

एक्स-रे : पहिली पायरी

सर्वांत स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध असलेले चित्र म्हणजे एक्स-रे. हाड मोडले आहे का, हाडाचा कपचा निघाला आहे का, वाटी जागेवर आहे का, या प्रश्नांची उत्तरे तो देतो. परंतु वाटीच्या बाबतीत नेहमीचे ‘समोरून आणि बाजूने’ असे दोन एक्स-रे पुरत नाहीत. तिसरा हवा असतो तो गुडघा थोडा वाकवून, वाटी आणि पन्हळ एका रेषेत यावी अशा कोनातून घेतलेला. क्षितिजावर डोंगराची रेघ दिसावी तशी त्यात पन्हळीची रेघ दिसते, म्हणून त्याला ‘स्कायलाइन’ असे नाव पडले आहे.

येथेही वाकवण्याचे प्रमाण महत्त्वाचे. गुडघा फार वाकवून चित्र घेतले तर वाटी आपोआप पन्हळीत जाऊन बसते आणि सैल वाटीसुद्धा शहाण्यासारखी दिसते. म्हणून २० ते ४५ अंशांच्या दरम्यान, शक्य तर दोन्ही गुडघ्यांचे एकत्र चित्र घेतात. चांगला गुडघा शेजारी असला की बिघडलेल्याचे मोजमाप सोपे होते.

बाजूने घेतलेल्या एक्स-रेवरून आणखी एक गोष्ट मोजता येते : वाटी किती उंचावर आहे. वाटीच्या खालच्या टोकापासून नडगीच्या हाडापर्यंत जाणाऱ्या टेंडनच्या लांबीला वाटीच्या लांबीने भागले तर सर्वसाधारणपणे उत्तर १ च्या आसपास येते. ते सुमारे १.२ च्या वर गेले तर वाटी उंच बसली आहे असे म्हणतात. उंच बसलेली वाटी पन्हळीत उशिरा शिरते; साहजिकच ती मोकळी राहण्याचा काळ वाढतो आणि निसटण्याची शक्यताही. गुणोत्तरांच्या भाषेत व्यवहार पाहणाऱ्या वाचकांना ही रीत परकी वाटू नये. एका आकड्याला अर्थ येतो तो दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहिल्यावर.

एमआरआय : जे एक्स-रेला दिसत नाही ते

एक्स-रे ‘नॉर्मल’ आला की घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो. वाटी सरकण्याच्या बाबतीत तेथेच थांबणे कधी कधी महागात पडते. वाटी बाहेर जाताना किंवा परत येताना तिची आतली कड मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर आदळते. त्या धक्क्याने कूर्चेचा, म्हणजे हाडावरील गुळगुळीत आवरणाचा, एखादा तुकडा सुटून सांध्यात तरंगू लागू शकतो. त्याला हाडाचा पुरेसा भाग चिकटलेला असेल तर तो एक्स-रेवर दिसतो. बहुतांश कूर्चाच असेल तर दिसत नाही. एमआरआयवर तो दिसू शकतो.

कुटुंबाच्या दृष्टीने वेळेचे खरे मोल येथे आहे. असा तुकडा लवकर लक्षात आला आणि पुरेसा मोठा असला तर शस्त्रक्रियेने तो पुन्हा मूळ जागी बसवता येण्याची शक्यता असते. काही महिने उलटले की तुकड्याच्या कडा झिजतात, जागा भरून येते आणि मग तो काढून टाकण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. कूर्चा पूर्वीसारखी पुन्हा उगवत नाही. पंधराव्या वर्षी गमावलेल्या तुकड्याची किंमत चाळिशीत, सांध्याच्या झिजेच्या रूपाने चुकवावी लागू शकते.

एमआरआयवर आणखी काही खुणा उमटतात. वाटीची आतली कड आणि मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा, अशा दोन ठिकाणी हाडाला आतून बसलेला मुका मार एकदम दिसला, की वाटी निसटून परत आली होती याचा तो जणू पंचनामाच असतो. मुलाला काय झाले हे धड सांगता येत नसले तरी हाड सांगते. या खुणा काही आठवड्यांनी-महिन्यांनी पुसट होतात. आतला पट्टा कोठे फाटला, वाटीकडून की मांडीच्या हाडाकडून, हेही याच चित्रात कळते. वाढत्या वयातील मुलांच्या हाडांतील वाढीच्या पट्ट्या अजून खुल्या आहेत का, याचाही अंदाज येतो. त्या खुल्या असतील तर काही शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागतात.

या तपासणीत क्ष-किरण नसतात. ती चुंबकीय क्षेत्राच्या साह्याने होते. यंत्राचा आवाज मोठा असतो आणि साधारण अर्धा तास स्थिर पडून राहावे लागते, हे मुलाला आधी समजावून सांगावे. शरीरात पेसमेकर, कानातील यंत्र किंवा धातूचा तुकडा असेल तर तो आधी सांगणे अनिवार्य आहे. गुडघ्याच्या साध्या एमआरआयसाठी उपाशी राहण्याची बहुधा गरज नसते. चिठ्ठीवर केवळ ‘गुडघेदुखी’ असे न लिहिता ‘वाटी सरकल्याची शंका’ असे स्पष्ट लिहिलेले असावे. रेडिओलॉजिस्टला प्रश्न कळला तरच तो त्या प्रश्नाची मोजमापे अहवालात देऊ शकतो.

सीटी स्कॅन : हाडांचा नकाशा

सीटी स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. वाटी वारंवार निसटत असेल आणि शस्त्रक्रियेचा विचार सुरू असेल, तेव्हा हाडांची मांडणी नेमकी मोजण्यासाठी त्याचा उपयोग होतो. फ्रान्समधील लियों शहराचे शल्यचिकित्सक आंरी दजूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाटीच्या अस्थिरतेमागील चार मुख्य घटक चित्रांवरून मोजून दाखवले. जगभरचे अस्थिरोगतज्ज्ञ आजही ती चौकट वापरतात. पन्हळ उथळ असणे, वाटी उंच असणे, वाटी बाहेरच्या बाजूला कललेली असणे आणि वाटीला खाली ओढणाऱ्या टेंडनची जागा बाहेरच्या बाजूला असणे, हे ते चार घटक.

शेवटचा घटक समजून घेण्यासारखा आहे. पन्हळीचा सर्वांत खोल बिंदू आणि नडगीच्या हाडावर टेंडन जेथे चिकटते तो उंचवटा, या दोहोंतील आडवे अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. सीटी स्कॅनवर ते २० मिलिमीटर किंवा अधिक भरले तर वाटीवर बाहेरच्या दिशेने जास्त ओढ आहे असे समजतात. हेच अंतर एमआरआयवर मोजले तर काहीसे कमी येते, कारण दोन्ही तपासण्यांत गुडघा सारखाच सरळ ठेवलेला नसतो. म्हणून एका तपासणीचा आकडा दुसरीच्या मापदंडाने जोखणे चुकीचे ठरते. दोन वेगवेगळ्या तारखांचे ताळेबंद समोरासमोर ठेवून नफा-तोटा काढण्यासारखेच ते होईल.

सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण वापरले जातात. केवळ गुडघ्याच्या तपासणीत त्यांचे प्रमाण थोडे असते. मात्र मांडी आणि नडगीच्या हाडांचा पीळ मोजण्यासाठी खुब्यापासून घोट्यापर्यंत स्कॅन करायचा असेल, तर ओटीपोटाजवळचा भागही किरणांखाली येतो. वाढत्या वयातील मुलीच्या वा मुलाच्या बाबतीत ‘हा स्कॅन आत्ता कोणत्या निर्णयासाठी हवा आहे’, हा प्रश्न डॉक्टरांना नम्रपणे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. चांगला डॉक्टर त्याने दुखावत नाही.

चित्राची मर्यादा

ताळेबंद हा ३१ मार्चच्या एका दिवसाचा असतो. वर्षभर पेढीत काय चालले, उधारी कशी वसूल झाली, ग्राहक का तुटले, हे केवळ त्या एका पानावरून कळत नाही. गुडघ्याच्या चित्राचेही तसेच आहे. एमआरआय आणि सीटी स्कॅन रुग्ण उताणा, स्थिर आणि स्नायू सैल सोडलेला असताना घेतात. वाटी निसटते ती धावताना, वळताना, स्नायू ताणलेला असताना. त्यामुळे मोजमापे जवळजवळ ठीक असूनही वाटी निसटत राहणारे रुग्ण असतात, आणि पन्हळ उथळ असूनही आयुष्यभर तक्रार न येणारेही असतात.

म्हणून तज्ज्ञ डॉक्टर फिल्म पाहण्याआधी रुग्णाकडे पाहतात. त्याला चालायला लावतात, बसलेल्या स्थितीतून पाय हळूहळू सरळ करायला सांगतात. शेवटच्या टप्प्यात वाटी बाहेरच्या बाजूला उडी घेते का, हे निरखतात. वाटी बोटांनी हलकेच बाहेर ढकलली की रुग्ण घाबरून हात धरतो का, याकडे लक्ष देतात. अंगठा मागे वाकवून मनगटाजवळ टेकतो का, कोपर उलट्या दिशेने झुकते का, यावरून सांध्यांचा एकूण सैलपणा तपासतात. कुटुंबात आणखी कोणाला असा त्रास होता का, हे विचारतात. कारण पन्हळीचा उथळपणा किंवा सांध्यांचा सैलपणा पुष्कळदा घराण्यात उतरतो. हात न लावता केवळ अहवाल वाचून शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे शहाणपणाचे.

पहिल्यांदाच वाटी निसटलेल्या आणि आत तुकडा सुटलेला नसलेल्या बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेशिवाय उपचार देतात. थोडे दिवस पट्टा बांधणे, मग मांडीच्या आणि खुब्याच्या स्नायूंचा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली नियमित व्यायाम आणि ताकद परत आल्यावरच मैदानावर पुनरागमन, असा तो क्रम असतो. औषधाच्या गोळीपेक्षा हा व्यायाम कंटाळवाणा असतो आणि दोन आठवड्यांत तो सुटतो, हा घरोघरचा अनुभव. वारंवार निसटणाऱ्या वाटीसाठी आतला पट्टा नव्याने तयार करणे, हाडांची वाढ पूर्ण झाली असल्यास टेंडनचा उंचवटा योग्य जागी सरकवणे, अशा शस्त्रक्रिया असतात. चार घटकांपैकी कोणता दोष किती आहे, यावर त्यांची निवड ठरते. मोजमापांचा खरा उपयोग या टप्प्यावर होतो.

ज्येष्ठांना एक शंका हमखास असते : अशा मुलाला पुढे मांडी घालून बसता येईल का, सामायिकाची ४८ मिनिटे निभतील का, यात्रेत पायऱ्या चढता येतील का? स्नायूंची ताकद परत आल्यावर बहुतेकांना हे जमते. खोल वाकलेल्या गुडघ्यात वाटीवर दाब वाढतो, त्यामुळे कूर्चेला इजा झालेली असेल तर बसताना दुखू शकते. दुखत असेल त्या काळात खुर्चीवर बसावे. हट्टाने मांडी घालून दुखणे वाढवू नये.

खर्च आणि कागदपत्रे

एक्स-रेचा खर्च शेकड्यांत असतो, एमआरआयचा हजारांत. क्रम सांभाळला तर खर्च आपोआप आटोक्यात राहतो : आधी डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी, मग एक्स-रे, मग गरजेनुसार एमआरआय आणि शस्त्रक्रियेच्या विचारापाशी आवश्यक वाटल्यास सीटी स्कॅन. शासकीय रुग्णालयांत तपासण्यांचे दर सवलतीचे असतात. कोणती सोय कोणत्या दिवशी उपलब्ध आहे, हे आधी विचारून जावे.

आरोग्य विम्याबाबत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ‘एमआरआयसाठी एक दिवस दाखल होऊ, म्हणजे विम्यातून पैसे मिळतील’, असा सल्ला सर्रास दिला जातो. केवळ तपासणीसाठी रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च पॉलिसींच्या प्रमाणित अपवादांत मोडतो आणि असा दावा नाकारला जाऊ शकतो. याउलट, त्याच आजारासाठी पुढे शस्त्रक्रिया झाली आणि तो दावा मान्य झाला, तर दाखल होण्यापूर्वीच्या ठरावीक दिवसांतील तपासण्यांचा खर्च मिळू शकतो. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत ही मुदत दाखल होण्यापूर्वी ३० दिवस आणि घरी सोडल्यानंतर ६० दिवस अशी आहे. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी, तारखेसह पावती आणि अहवाल ही तीनही कागदपत्रे एकत्र जपावीत.

नवी पॉलिसी घेताना पूर्वी वाटी सरकल्याची नोंद लपवू नये. आधीपासून असलेल्या आजारासाठीची प्रतीक्षा १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणलेली आहे. तीन वर्षे थांबणे परवडते. लपवलेल्या माहितीमुळे ऐन वेळी नाकारलेला दावा परवडत नाही.

अहवालाचा एक कागद जपून मूळ चित्रे टाकून देण्याची चूकही सर्रास होते. अहवाल हे एका तज्ज्ञाचे मत आहे. चित्र हा मूळ पुरावा आहे. दुसरे मत घ्यायचे असेल किंवा दोन वर्षांनी तुलना करायची असेल, तर फिल्म आणि सीडीच लागते. घराच्या खरेदीखताइतक्याच काळजीने ती ठेवावी. पहिले चित्र हाताशी असेल तर पुष्कळदा दुसरे काढावेही लागत नाही.

सांगायला संकोच कशाला?

या विषयात खरा अडसर पैशाचा नसतो. मुलीच्या गुडघ्याचा त्रास चार लोकांत बोलला गेला तर उद्या स्थळे पाहताना अडचण येईल, या धास्तीने तपासणी पुढे ढकलली जाते. ‘मोठी झाली की बरे वाटेल’, अशी समजूत घातली जाते. काही मुली स्वतःच निसटण्याच्या घटना आईपासूनही लपवतात. खेळ सोडतात, जिन्याची कड धरून उतरतात, गरब्याला ‘यंदा नको’ म्हणतात. घरच्यांना वाटते, मुलगी समंजस झाली. प्रत्यक्षात तिचा स्वतःच्या पायावरचा विश्वास उडालेला असतो.

वाढीचे वय संपले की काही जणांत निसटण्याचे प्रमाण कमी होते, हे खरे. पण प्रत्येक निसटण्यात कूर्चेवर नवा आघात होण्याचा धोका असतो, हेही तितकेच खरे. वाटी सरकणे हा ना कलंक आहे ना असाध्य रोग. तो मोजता येणारा आणि बहुतेकांत सावरता येणारा दोष आहे. पेढीच्या वहीत बुडीत येण्याची नोंद वेळेवर केली नाही म्हणून ते येणे वसूल होत नाही. उलट व्याज वाढत जाते. लपवलेल्या गुडघ्याचेही व्याज चढते, आणि ते चुकवणारी असते ती मुलगीच.

तेव्हा घरातील मुलाने वा मुलीने ‘गुडघा निसटल्यासारखा वाटला’ असे म्हटले, तर त्या शब्दांवर विश्वास ठेवावा. किती वेळा झाले, कोणत्या हालचालीत झाले आणि सूज किती तासांत आली, या तीन गोष्टी एका कागदावर तारखेसह लिहून काढाव्यात आणि तो कागद घेऊन अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. तपासणी सुचवली गेली की ती कोणत्या प्रश्नासाठी आहे, हे विचारावे. आणि उत्तर पटले की मग पैशाकडे पाहून ती टाळू नये.